नववा प्रश्न

सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार माणसाला रोजच्या जगण्यात किती छळतो हे मोजण्यासाठी २००९ सालापासून एक प्रश्नावली वापरात आहे. तिला ‘कॅट’ म्हणतात. तिच्यात आठ प्रश्न आहेत: खोकला किती, कफ किती, छाती आवळल्यासारखी वाटते का, चढ चढताना धाप लागते का, घरातली कामं जमतात का, घराबाहेर पडायला धीर होतो का, झोप लागते का, अंगात त्राण आहे का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण चाळीस. धापेची पायरी ठरवणारी आणखी एक मोजपट्टी आहे. तिच्या शेवटच्या पायरीवर कपडे घालता-काढताना धाप लागते का, हे पाहतात. २००४ साली आलेल्या ‘बोड’ निर्देशांकात तर रुग्णाचं वजनही धरलेलं आहे. बॉडी मास इंडेक्स २१ किंवा त्याखाली गेला की एक गुण वाढतो. म्हणजे कपडे विचारले, जिना विचारला, माणूस किती वाळला हेही मोजलं. त्याच्या घशाखाली घास कसा उतरतो, हे मात्र यांतल्या एकाही मोजपट्टीत नाही.

हे नजरचुकीने राहून गेलेलं नाही. त्यामागे एक पक्कं बसलेलं मत आहे, आणि ते दवाखान्यात आणि घरात सारखंच ऐकू येतं. गिळण्याची अडचण म्हणजे पक्षाघात, पार्किन्सन, नाहीतर घशाचा कर्करोग. फुप्फुसाच्या रुग्णाचं दुखणं छातीत. त्याला जेवताना ठसका लागला तर तो खोकल्याचाच भाग. जेवण कमी झालं तर धाप लागते म्हणून, आणि अंग वाळलं तर आजारच तसा म्हणून. मला हे मत चुकीचं वाटतं. अपुरं म्हणून सोडून देता येईल इतकंही ते निरुपद्रवी नाही, कारण त्यामुळे माणसं पुन्हा पुन्हा न्यूमोनियाने दाखल होतात आणि त्यांना जेवताना कुणी पाहत नाही.

आपल्याकडे खंडनाची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा. तर या मताच्या बाजूने जाणता माणूस काय म्हणेल? तो म्हणेल, सीओपीडी एकाएकी बळावतो तो प्रामुख्याने विषाणूंमुळे, जिवाणूंमुळे आणि दूषित हवेमुळे; हे भक्कम पुराव्याने ठरलेलं आहे, त्यात घशाला कशाला ओढता? तो म्हणेल, थोडंफार तर सगळ्यांच्याच श्वासनलिकेत जातं. १९७८ साली हक्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गाढ झोपेत ४५ टक्के निरोगी माणसांच्या घशातला स्राव खाली फुप्फुसात उतरतो, आणि ती माणसं सकाळी उठून कामाला जातात. तो २००२ सालचा मोखलेसी आणि सहकाऱ्यांचा अभ्यासही पुढे ठेवेल: स्थिर अवस्थेतल्या २० सीओपीडी रुग्णांचं गिळणं क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात पाहिलं, एकाच्याही श्वासनलिकेत काही गेलं नाही. आणि शेवटी म्हणेल, हे रुग्ण मुळात वयस्क. वयानुसार गिळणं मंदावतंच. आणि ज्या अभ्यासांच्या जोरावर तुम्ही बोलता ते वीस-पंचवीस माणसांचे आहेत.

यातली माहिती खरी आहे. मी त्यातलं एकही वाक्य खोडून काढणार नाही. माझा वाद आहे तो तिच्यातून काढलेल्या निष्कर्षाशी. पण त्याआधी एक गोष्ट नीट पाहायला हवी, जी या वादात दोन्ही बाजू गृहीत धरतात आणि पुढे जातात: गिळताना नेमकं होतं काय?

घसा हा चव्हाटा आहे. नाकातून आलेली हवा मागून येते आणि तिला पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत उतरायचं असतं. तोंडातला घास पुढून येतो आणि त्याला मागच्या बाजूच्या अन्ननलिकेत जायचं असतं. दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात, आणि त्या ठिकाणाहून एका वेळी एकालाच जाता येतं. म्हणून गिळताना श्वास थांबतो, साधारण अर्धा ते दीड सेकंद. तेवढ्या अवधीत जिभेचं मूळ मागे रेटतं, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावरची झडप लवते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. आरशासमोर उभं राहून आवंढा गिळला तर कंठमणी वर जाऊन खाली येताना दिसतो. ती या सगळ्या धावपळीची बाहेरून दिसणारी खूण. लाळेचे आवंढे धरून आपण दिवसाला सुमारे सहाशे वेळा हे करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता कळीचा मुद्दा. श्वास थांबतो, पण कुठे थांबतो? निरोगी माणूस बहुतेक वेळा श्वास बाहेर सोडता सोडता मध्येच थांबतो, गिळतो, आणि उरलेला श्वास बाहेर सोडतो. या क्रमात मोठी सोय आहे. गिळून झाल्यावर घशाच्या कोपऱ्यात एखादा कण, एखादा थेंब राहिलाच तर बाहेर येणारी हवा त्याला वर ढकलते. याउलट गिळून झाल्या झाल्या श्वास आत ओढला तर तोच थेंब हवेबरोबर खाली जातो. निसर्गाने चव्हाट्यावर पहारा ठेवला आहे तो उच्छ्वासाचा.

आणि सीओपीडी म्हणजे काय? उच्छ्वासाचा आजार. या रुग्णाला हवा आत घेता येते, ती बाहेर पडताना नळ्या अरुंद होतात, हवा अडकते, छाती फुगलेली राहते. श्वास सोडून संपायच्या आत पुढचा घ्यावा लागतो, श्वासांची गती वाढते. अशा माणसाने एक घास गिळायला सेकंदभर श्वास रोखला की पुढच्या क्षणी त्याचं सगळं शरीर हवा मागतं, आणि तो श्वास आत ओढतो. ज्या क्षणी आत ओढू नये, नेमका त्याच क्षणी. गिळणं ज्या पहाऱ्यावर विसंबून असतं, तोच पहारा हा आजार दुबळा करतो. मग गिळण्याचा त्रास या आजाराला बाहेरून येऊन चिकटलेला कसा म्हणायचा? तो या आजाराच्या पोटातूनच निघतो.

हा नुसता तर्क नाही. १९९२ साली शाकेर आणि सहकाऱ्यांनी गिळणं आणि श्वासाची अवस्था यांचा मेळ तपासला आणि वय, वाढलेली श्वासगती आणि सीओपीडी यांनी तो बदलतो हे नोंदवलं. २००९ साली पिट्सबर्गमध्ये रॉक्सॅन ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी २५ सीओपीडी रुग्ण आणि २५ निरोगी माणसं घेऊन त्यांना बिस्किट आणि पुडिंग खायला दिलं. रुग्णांमध्ये घट्ट पदार्थ श्वास आत घेत असतानाच गिळला जाण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मऊ पदार्थ गिळून झाल्यावर लगेच श्वास आत घेण्याचंही. यांपैकी कुणालाही पक्षाघात झालेला नव्हता. घसा जागेवर होता, मज्जातंतू जागेवर होते. बिघडला होता तो मेळ.

आता पूर्वपक्षाकडे वळू. २००२ सालच्या त्या अभ्यासात कुणाच्याही श्वासनलिकेत काही गेलं नाही, हे मान्य. पण अभ्यास एवढ्यावर संपत नाही. त्याच रुग्णांचं स्वरयंत्र त्यांच्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा कमी उचललं जात होतं. आणि त्यांची शरीरं, कुणी न शिकवता, श्वासाची वाट अधिक लवकर मिटवत होती, अधिक वेळ मिटलेली ठेवत होती. पाय लचकलेला माणूस सपाट रस्त्यावर पडत नाही, तो लंगडत चालतो. लंगडण्याला कुणी पाय धड असल्याचा पुरावा म्हणत नाही. शिवाय हे सगळे रुग्ण स्थिर असताना तपासलेले. आजार बळावला, श्वासांची गती तिशीकडे गेली, की वाट जास्त वेळ मिटून ठेवण्याची चैन त्यांना परवडणार कशी? सावरण्याची जी युक्ती चांगल्या दिवसांत उपयोगी पडते, ती वाईट दिवसांत सगळ्यात आधी हातची जाते. आणि हो, तुलनेतली माणसं त्यांच्याच वयाची होती. तेव्हा ‘हे वयामुळे’ या आक्षेपाला उत्तर तिथेच मिळतं.

स्वरयंत्र कमी उचललं जाण्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. सीओपीडी ओळखण्याच्या साध्या, हाताने करायच्या खुणांत एक खूण अशी आहे: छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या खाचेपासून कंठमण्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजायचं. श्वास सोडून झाल्यावर ते चार सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरलं तर संशय बळावतो. २००० साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या खुणेचा उपयोग मोजून दाखवला गेला. हे अंतर कमी का होतं? फुगलेल्या फुप्फुसांमुळे छातीचा पिंजरा वर चढलेला असतो आणि श्वासनलिका खाली ओढली गेलेली असते. म्हणजे ज्या स्वरयंत्राला प्रत्येक घासाला वर उडी मारायची आहे, ते मुळातच खाली बसलेलं आहे. डॉक्टरांची बोटं त्या कंठमण्यावर ठेवलेली असतात. त्याच क्षणी ‘जरा आवंढा गिळा बरं’ एवढं म्हटलं तरी किती कळेल!

झोपेत सगळ्यांच्याच फुप्फुसात थोडं उतरतं, हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो विरुद्ध दिशेने काम करतो. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, ते का? त्याच्या श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी आलेली घाण वर सारतात, त्याचा खोकला जोरकस असतो, त्याची प्रतिकारशक्ती जागी असते. धुराने या पेशी झडलेल्या, नळ्या सुजलेल्या, खोकल्याला हवेचं बळ नाही, अशा फुप्फुसात तेवढाच थेंब गेला तर? निरोगी माणसाला जे सोसतं ते रुग्णालाही सोसेल, हे गृहीत धरूनच तो आक्षेप उभा आहे. सुझन लँगमोर यांनी अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या लोकांच्या न्यूमोनियाचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. धोका वाढवणाऱ्या घटकांच्या यादीत सीओपीडी अगदी वरच्या जागी होता, गिळण्याच्या अडचणीच्याही वर. घशातून खाली जाणारं आणि त्याला तोंड देऊ न शकणारं फुप्फुस, दोन्ही मिळून ते दुखणं होतं.

इथे मला माझ्या आत्याबद्दल सांगायचं आहे. तिने जन्मात विडीला हात लावला नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, एवढंच. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीबद्दल लिहिलं, तेव्हा ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांत ती बसत होती. पुण्यातल्या साळवींचा पुढे ज्यात मोठा वाटा होता त्या अभ्यासात २०१६ साली भारतात सीओपीडीचे ५ कोटी ५३ लाख रुग्ण असल्याचा अंदाज निघाला आणि त्या एका वर्षात ८ लाख ४८ हजार मृत्यू. त्यांतल्या किती बायका तिच्यासारख्या चुलीच्या धुराने आजारी पडल्या असतील, याचा विचार करून मन खिन्न होतं.

आत्याला चहा पिताना ठसका लागायचा. आम्ही पाठ थोपटायचो, ‘वर बघ, वर बघ’ म्हणायचो. पुढे दोन वर्षांनी ठसका थांबला. एका रुग्णालयाच्या कागदावर ‘खोकला कमी’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं, आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं होतं. त्यानंतरच्या दहा महिन्यांत ती तीनदा न्यूमोनियाने दाखल झाली, तिन्ही वेळा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात. चहा प्यायल्यावर तिचा आवाज ओला, घशात पाणी भरल्यासारखा यायचा. ते आमच्या कानांना कळत होतं. त्याचा अर्थ कळत नव्हता.

खोकला कमी झाला होता, कारण घशाची जाणीव कमी झाली होती. ठसका म्हणजे अपघात टळल्याची खूण. चुकीच्या वाटेला काही गेलं, पहारेकऱ्याने ओरडून सांगितलं. पहारेकरीच झोपला तर घर शांत वाटतं. धूम्रपानाने घशातून उमटणारे संरक्षक प्रतिसाद मंदावतात हे १९९८ सालीच प्रसिद्ध झालं होतं, आणि सीओपीडीच्या रुग्णांत स्वरयंत्राच्या आसपासची संवेदना कमी झालेली असते हे २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्लेटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणूनच ‘जेवताना ठसका लागतो का?’ एवढंच विचारून, ‘नाही’ हे उत्तर ऐकून पुढे जाणं धोक्याचं आहे. ‘नाही’चे दोन अर्थ होतात, आणि त्यातला एक फार वाईट आहे.

जपानमध्ये हे प्रश्न आपल्याआधी पडले, कारण तिथे म्हातारी माणसं आणि त्यांचे न्यूमोनिया आधीपासून पुष्कळ. २०१० साली तेरादा आणि सहकाऱ्यांनी ६७ सीओपीडी रुग्णांच्या नाकातून बारीक नळी घशात उतरवली, तिच्यातून पाण्याचे थेंब सोडले आणि गिळण्याची क्रिया आपोआप होते का, हे पाहिलं. साधारण एक तृतीयांश रुग्णांत ती नीट होत नव्हती, आणि त्यांचा आजार वर्षभरात अधिक वेळा बळावला. आता ‘आजार विषाणूंमुळे बळावतो’ या आक्षेपाचं काय? बळावतोच. पण विषाणूचा शिरकाव सगळीकडे सारखा होत नाही. रोज थोडी थोडी लाळ, अन्नाचे कण आणि तोंडातले जिवाणू ज्या फुप्फुसात उतरतात ते आधीच चिडलेलं असतं. २०१० सालच्याच एका मोठ्या अभ्यासात, २१३८ रुग्णांत, वारंवार आजार बळावणाऱ्यांमध्ये छातीत जळजळ आणि पित्त वर येण्याचा इतिहास अधिक आढळला. पित्त खालून वर येवो नाहीतर चहा वरून खाली जावो, गाठ शेवटी त्या चव्हाट्यावरच पडते.

अभ्यास लहान आहेत हे मला मान्य आहे आणि ते मोठे व्हावेत अशी माझीही इच्छा आहे. पण लहान अभ्यास वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या रीतींनी झाले आणि बरेचसे एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तर त्या दिशेला निदान मान वळवायला हवी. ‘पुरावा कमी आहे’ हे वाक्य औषध सुरू करण्याआधी म्हणावं. रुग्णाला जेवताना पाहण्यासाठी कसला पुरावा लागतो?

या आजारावरची औषधंही इथे हजेरी लावतात, आणि तेही बोललं जात नाही. नळ्या रुंदावणारी टायोट्रोपियमसारखी पंपातली औषधं तोंड कोरडं करतात. कोरड्या तोंडात भाकरीचा घास गोळा होत नाही, त्याचे तुकडे घशात विखुरतात. पंपातल्या स्टेरॉइडने घशात बुरशी येते, म्हणून तो ओढल्यावर चूळ भरायला सांगतात. किती जण खरोखर भरतात? पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडने दीर्घकाळात स्नायू वाळतात, आणि गिळण्याचे स्नायू काही वेगळ्या मातीचे नसतात. हे लिहिण्याचा उद्देश कुणी औषध सोडावं असा मुळीच नाही. पंप चुकवला तर धाप वाढेल आणि गिळणं आणखी बिघडेल. चूळ मात्र चुकवू नये.

मित्रांपैकी एक-दोघांनी हे वाचून मला चरकसंहितेची आठवण करून दिली. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात उचकी आणि श्वास यांचा विचार एकत्र केला आहे, आणि त्यात प्राण, उदक आणि अन्न वाहणाऱ्या स्रोतसांचा उल्लेख एका ओळीत येतो. ते खरं आहे आणि मला ते वाचून आनंदही होतो. पण तो आजच्या वादातला पुरावा होऊ शकत नाही. तिथे ज्या रीतीने शरीर पाहिलं गेलं ती रीत वेगळी. त्यातून एवढंच घ्यावं की अन्नाची वाट आणि श्वासाची वाट यांना वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या दारांत वाटून टाकणं ही अलीकडची व्यवस्था आहे, शरीराची नव्हे.

एवढं झाल्यावर मला दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. प्रचलित मताला विरोध करणाऱ्यांतही एक घाईची जमात आहे. गिळण्याची अडचण दिसली रे दिसली की पाणी, चहा, ताक, सगळ्यात दाट करणारी पावडर घाला. तरी जमेना तर नाकातून नळी घाला. हाही एक समजच आहे. २००८ साली रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन असलेल्या ५१५ लोकांचा तीन महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हनुवटी खाली घेऊन पातळ पदार्थ पिणारे आणि दाट केलेले पदार्थ पिणारे यांच्यातल्या न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक निघाला नाही. शरीरातलं पाणी कमी होणं मात्र दाट पिणाऱ्यांत जास्त दिसलं. ज्याचा कफ आधीच चिकट आहे त्याचं पाणी तोडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. नळीबद्दल बोलायचं तर लँगमोर यांच्याच १९९८ सालच्या अभ्यासात नळीने अन्न देणं हा न्यूमोनियाचा धोका दर्शवणारा घटक निघाला. त्याच यादीत किडलेल्या दातांची संख्या होती, तोंड स्वच्छ करायला दुसऱ्यावर अवलंबून असणं होतं, आणि सगळ्यांत ठळक म्हणजे भरवण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं. भरवणारा आपल्या वेगाने भरवतो. खाणाऱ्याचा श्वास कुठे आहे, हे त्याला कळत नाही.

म्हणून माझं मंडन असं: सीओपीडीत गिळणं ही मेळाची अडचण आहे आणि तिच्यावर उपायही मेळाचेच हवेत. त्यासाठी आधी पाहावं लागतं. आपल्या घरांत काय पाहावं?

पाणी वरून पिण्याची आपली सवय पाहावी. भांडं उष्टं होऊ नये म्हणून मान मागे टाकून तांब्यातून धार सोडायची. मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते, धार चालू असेपर्यंत श्वास घेता येत नाही, आणि धार संपली की माणूस खोल श्वास आत ओढतो. निरोगी माणसाला हे जमतं. २०११ सालच्या एका छोट्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात १६ सीओपीडी रुग्णांचा निरोगी माणसांपेक्षा वेगळेपणा दिसला तो नेमका भरपूर द्रव एकदम पिताना. गोळी घेतानाही हेच: मान झटक्याने मागे. आणि ठसका लागल्यावर आम्ही आत्याला ‘वर बघ’ म्हणत होतो, तेही याच जातीचं. पाहावं फुरका मारणं. बशीतला गरम चहा फुरकताना आपण हवेच्या झोताबरोबर चहा आत ओढतो, म्हणजे श्वास आणि घोट एकाच वेळी. पाहावेत चिवडा, चुरमुरे, कोरडा बेसनलाडू, सातूचं पीठ. यांचे कण उडतात. पाहावं जेवायच्या आधी माणूस नहाणीघरातून आलाय का, जिना चढून आलाय का, धाप बसायच्या आधीच पानावर बसवलंय का. प्राणवायूची नाकातली नळी जेवताना ‘मधे येते’ म्हणून काढून ठेवली जाते, तेही पाहावं. श्वासाची भूक वाढवून जेवायला बसवण्यासारखं ते आहे. ती काढायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि तोंड पाहावं. खेड्यापाड्यांत कित्येक म्हाताऱ्या बायका मिश्री लावतात आणि त्यालाच दात घासणं म्हणतात. भाजलेली तंबाखू आहे ती. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत योनेयामा आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षं जेवणानंतर रहिवाशांची तोंडं ब्रशने स्वच्छ करवली आणि न्यूमोनिया कमी झाला. इतका स्वस्त उपाय छातीच्या आजारात दुसरा मला ठाऊक नाही. लाळ खाली जाणारच असेल, तर ती निदान स्वच्छ असू द्या.

याहून बारकाईचं काम शिकलेल्या माणसाचं आहे. अडचण घासाची आहे की घोटाची, घोट केवढा असावा, हनुवटी कुठे असावी, नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहायचं की क्ष-किरणांखाली, हे ठरवणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो आणि बोबडी मुलं व पक्षाघाताचे रुग्ण यांनाच त्यांच्याकडे पाठवतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था हे शिक्षण देते. छातीच्या ओपीडीतून त्यांच्याकडे चिठ्ठी गेल्याचं मी क्वचित पाहिलं. चिठ्ठी जावी असं वाटण्यासाठी आधी प्रश्न विचारलेला असावा लागतो.

आत्याला तो शेवटी विचारला गेला, तिसऱ्या वेळी घरी आल्यावर, नात्यातल्या एका मुलीकडून. ती याच विषयाचं शिकत होती. तिने कुठलंही यंत्र आणलं नव्हतं. ती आत्यासमोर बसली, म्हणाली, ‘आजी, चहा प्या नेहमीसारखा,’ आणि तिच्या छातीकडे बघत राहिली. दोन घोट झाल्यावर विचारलं, ‘घोट गिळल्यावर श्वास आत जातो का बाहेर?’ आत्याने कपाळाला आठ्या घालून आणखी एक घोट घेतला, लक्ष देऊन, आणि म्हणाली, ‘आत गं.’

पुढे रीतसर तपासणी झाली, व्यायाम ठरले. तिला शिकवलं गेलं ते असं: खुर्चीत ताठ बसायचं, चहा कोमट करून छोट्या वाटीतून घ्यायचा, फुरका नाही, एक घोट, गिळायचं, आणि मग तोंडातून हलकेच ‘हः’. चार घोटांनंतर थांबायचं. फुरक्यावाचून चहा म्हणजे काढाच, अशी तिची तक्रार शेवटपर्यंत होती. तपासणीला गेली की तिच्या कागदावर पूर्वीसारखेच आठ आकडे लिहिले जायचे. नववा आम्ही घरी लिहीत होतो, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलने: आज जेवताना किती वेळा थांबली, आणि चहानंतर आवाज कोरडा होता का ओला.